सव्वीस दिवस

मामा – त्या ठेकेदाराला काढून टाक म्हटलं की काढायचं! शाळा माझी, जागा माझी. आणि बांधकामावर इंजिनिअर म्हणून तुला नेमलं कुणी? मीच ना?

भाची – तुम्हीच, मामा. पण ठेकेदाराचा उशीर किती, हे मी ठरवायचं, असं करारात आहे. खाली सही तुमची आहे.

मामा – सही करताना वाटलं, घरचं माणूस आहे! चाळीस दिवस उशीर झालाय. तीसच्या वर गेला की हाकलता येतं, हेही करारातच आहे ना?

भाची – आहे. पण त्यातले चौदाच दिवस त्यांचे.

मामा – आणि बाकीचे सव्वीस?

भाची – माझे.

मामा – तुझे?

भाची – जिन्याचा नकाशा मी सव्वीस दिवस उशिरा दिला. आकडेमोड चुकली होती, पुन्हा करावी लागली. त्यांनी तीन पत्रं पाठवली, मी थांबा म्हटलं. जिना अडला की वरचं काम कसं होणार? तेवढी मुदत वाढवून दिलीय. हा घ्या कागद.

मामा – कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं! अगं, गप्प बसली असतीस तर?

भाची – बसून बघितलं, दोन दिवस. घास उतरेना. लिहून टाकलं तेव्हा कुठे सुटल्यासारखं वाटलं.

(ठेकेदार दार ढकलून डोकावतो.)

ठेकेदार – येऊ का, साहेब? सामान आवरायला घेऊ का, तेवढं सांगा. माणसं सकाळपासून थाप्या खाली ठेवून बसलीत.

भाची – आवरू नका. सव्वीस दिवस वाढवून दिलेत.

ठेकेदार – म्हणजे... काम आमच्याकडेच?

भाची – तुमच्याकडेच. पण चौदा दिवस तुमच्या नावावर. सेंट्रिंगच्या फळ्या वेळेवर आणल्या नाहीत, ते मी सोडलेलं नाही.

ठेकेदार – नका सोडू, ताई! तो गुन्हा कबूल. हुश्श! जिवात जीव आला बघा. मी तर घरी सांगून आलो होतो, तिथे मामा-भाचीचं राज्य, आपल्याला कोण विचारतंय!

मामा – कसलं राज्य! माझ्याच ऑफिसात माझं कुणी ऐकत नाही.

ठेकेदार – निघतो मी. साहेबांचा विचार बदलायच्या आत माणसं कामाला लावतो.

भाची – मीही निघते, मामा. रागावलात?

मामा – बस जरा. मागच्या आठवड्यात वर्गांवरचा स्लॅब पास केलास ना तू?

भाची – हो.

मामा – मला वाटलं, मामाची घाई बघून केलास. बोललो नाही तुला. दोनदा एकटाच जाऊन त्याखाली उभा राहिलो, वर बघत. मला त्यातलं कळतंय काय, डोंबल! पण तिथे पोरं बसणार गं.

भाची – मग विचारायचंत ना मला.

मामा – तू ‘चांगला आहे’ म्हणाली असतीस. आणि मला ते खरं वाटलं नसतं.

भाची – आणि आता?

मामा – आता बाकं करायला सांगतो.