पान दोनशे सदतीसपासून पुढे

जबाब
दिनांक : २० ऑगस्ट २०२५, वेळ : सकाळी ११.२०

मी श्रीमती प्रमोदिनी विश्राम गुप्ते, वय ६१ वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त बँक अधिकारी, राहणार वर्तकनगर, ठाणे पश्चिम. माझे दीर श्री. मुकुल गुप्ते, राहणार डोंबिवली पूर्व, यांनी माझ्याविरुद्ध गाडी पळवून नेल्याचा व चारचौघांत बदनामी केल्याचा अर्ज दिला आहे. त्याबाबत मला बोलावून विचारले असता मी स्वतः हजर राहून सांगते की,

सदर गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल व बॅटरी या दोन्हींवर चालणारी, मोठी एसयूव्ही असून ती माझ्या नावावर आहे. माझ्या पतींनी ती मागील दिवाळीत हौसेने घेतली. ते इंजिनिअर होते. त्यांना फुप्फुसांचा आजार होता. जानेवारीपासून त्यांना गाडी चालवणे जमेना. तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीत बसत असू. ते मॅन्युअल मोठ्याने वाचत व दुसऱ्या दिवशी मला त्यावर प्रश्न विचारत. मॅन्युअल ४१२ पानांचे आहे. आमची २३६ पाने वाचून झाली होती.

दिनांक ९ मार्च २०२५ रोजी अर्जदाराने मेव्हण्याच्या लग्नाकरिता गाडी मागितली. पती म्हणाले, "दे गं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." गाडी १० तारखेला संध्याकाळी परत मिळणार होती. ती मिळाली नाही.

दिनांक ११ मार्च रोजी दुपारी ३.५० वाजता पतींना श्वास लागला. रुग्णवाहिकेस फोन केला असता चाळीस मिनिटे लागतील असे सांगण्यात आले. मी ३.५२ ते ४.३१ या वेळात अर्जदारास सात वेळा फोन केला. त्यांनी एकदाही उचलला नाही. ४.०५ वाजता मी गाडीचे ॲप उघडून पाहिले. त्यात गाडी खोपट येथे उभी, दरवाजे बंद, एसी चालू, आतील तापमान २२ अंश असे दिसले. खोपटहून आमच्या घरी यायला दहा मिनिटे लागतात.

साडेचार वाजले तरी रुग्णवाहिका आली नाही. दोन रिक्षावाल्यांनी ऑक्सिजनचा सिलिंडर पाहून नकार दिला. तिसऱ्या रिक्षेत ४.३४ ला बसलो. सिलिंडर माझ्या मांडीवर होता. ४.५५ ला रुग्णालयात पोहोचलो. ५.२० ला डॉक्टरांनी सांगितले. अर्धा तास आधी आणले असते तर, असे मी विचारले. त्यावर डॉक्टर म्हणाले की तसे काही सांगता येत नाही.

अर्जदार त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आले. फोन सायलेंटवर होता, असे त्यांनी सर्वांना सांगितले. मी ते खरे मानले. तेराव्यानंतर ते गाडी पुन्हा घेऊन गेले. म्हणाले, "वहिनी, नुसती उभी राहिली तर बॅटरी खराब होईल. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

एप्रिलपासून मी पान २३७ पासून पुढे वाचू लागले. प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.

दिनांक २ मे रोजी मी पान ३५८ वर आले. त्यावर लिहिले आहे की उभ्या गाडीस कोणाचा धक्का लागल्यास गाडीतील कॅमेरा आपोआप एक मिनिटाची चित्रफीत घेतो, गाडीतील आवाजासह, व ती मालकाच्या ॲपमध्ये जमा होते. मी ॲपचा तो भाग उघडला. त्यात एकच चित्रफीत होती. ११ मार्च, ४.१२ वाजता. एक मोटारसायकल आरशाला घासून जाते. आतील बोलणे खालीलप्रमाणे आहे. पहिला आवाज अर्जदाराची मुलगी उर्वी, वय २०, हिचा व दुसरा अर्जदाराचा आहे.

"पप्पा, काकूचा फोन. परत."
"राहू दे."
"अहो, काकांना काही झालं असेल."
"काही होत नाही त्याला. उचलला की गाडी मागेल. तुझी आई दुकानातून साडी बदलून येऊ दे, मग बघू."

त्यानंतर फोन वाजत राहतो व बंद होतो.

गाडी त्याच दिवशी परत का मागितली नाही, असे मला विचारण्यात आले. मला चालवता येत नव्हती. शिवाय मला घाई नव्हती.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. २४ जून रोजी मला लायसन्स मिळाले. दरम्यानच्या काळात मी ॲपवरून पुढील गोष्टी केल्या, हे मी कबूल करते. मे महिन्यात दुपारी अर्जदाराच्या सीटचा हीटर चालू करून ठेवला. त्यांच्या किल्लीला ताशी साठची मर्यादा घातली. डोंबिवलीत गाडी उभी असताना अकरा वेळा हॉर्न व दिवे चालू केले. चालत्या गाडीस मी कधीही हात लावला नाही. अर्जदाराने गाडी तीन वेळा सर्व्हिस सेंटरला नेली व नंतर तिला लिंबू-मिरची बांधली. "दादाचा जीव गाडीत अडकलाय," असे ते नातेवाईकांत सांगत होते. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

ऑगस्टमध्ये त्यांनी मला न विचारता गाडी विकायला काढली. आंबिवली येथील श्री. महिपत भोईर यांना ती गणपतीपूर्वी हवी होती. अर्जदार फोनवर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त सह्या करायला या." मी येते म्हणाले. आदल्या संध्याकाळी मी ॲपवरून गाडीला पिन घातला.

रविवार, दिनांक १७ ऑगस्ट रोजी सकाळी ११ वाजता भोईर यांच्या घरासमोर अर्जदार, त्यांची पत्नी व उर्वी हजर होते. अर्जदाराकडून गाडी सुरू होईना. पडद्यावर पिन मागत होते. मी म्हणाले, "सरका, मी दाखवते." मी चालकाच्या जागी बसले. भोईर माझ्या शेजारी व बाकीचे तिघे मागे बसले.

भोईर यांनी विचारले, "ताई, ही रोज चार्जिंगला लावायला लागते का?" मी सांगितले, "नाही. ब्रेक दाबला की बॅटरी आपली आपण भरते." मी त्यांना गाडी बॅटरीवर, आवाज न करता, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणून दाखवली. चारी बाजूंचे कॅमेरे, सीट थंड करणे, अरुंद जागेत गाडीने स्वतःच वळणे, हे सर्व दाखवले. ते म्हणाले, "तुम्हाला तर शोरूमवाल्यांपेक्षा जास्त माहीत आहे." मी म्हणाले, "आणखी एक सोय आहे." मी चित्रफीत पडद्यावर लावली. गाडीत चौदा स्पीकर आहेत. आवाज पूर्ण ठेवला.

ती संपल्यावर भोईर खाली उतरले व म्हणाले, "ताई, गाडी तुमची आहे. मला नको." अर्जदाराची पत्नी उतरून एकटी स्टेशनच्या दिशेने चालत गेली. तिने ते प्रथमच ऐकले असावे. अर्जदार म्हणाले, "वहिनी, हे घरात बोलायचं. परक्या माणसासमोर कशाला?"

मी म्हणाले, "घरून केलेला फोन तुम्ही उचलत नाही."

ते उतरले. उर्वी मागे बसून राहिली. ती रडत होती. म्हणाली, "काकू, मी माझ्या फोनवरून करायला हवा होता ना?" मी म्हणाले, "हो." मी हे बोलले नसते तरी चालले असते. परंतु बोलले, म्हणून नोंदवावे. त्यानंतर तीही उतरली.

मी गाडी कल्याणमार्गे वर्तकनगर येथे आणली. माझ्या नावावरील गाडी मी माझ्या किल्लीने नेली. ती आता इमारतीखाली उभी आहे.

काल अर्जदाराचा निरोप आला की चित्रफीत पुसली तर ते अर्ज मागे घेतील. मी नकार दिला आहे. त्यांनी अर्ज चालवावा. तो चालला तर ती चित्रफीत आणखी काही लोकांना ऐकावी लागेल.

माझी अर्जदाराविरुद्ध काही तक्रार आहे का, असे मला विचारले. फोन न उचलणे याला कायद्यात कलम नाही, असेही साहेबांनी मला समजावून सांगितले. ते मला मे महिन्यापासून माहीत आहे. कलम असते तर मी तेव्हाच येथे आले असते, व वर लिहिलेले काहीही केले नसते.

जबाब मला वाचून दाखवण्यात आला. दोन ठिकाणी वेळ चुकीची टाइप झाली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. सही करत आहे.

(सही)
प्रमोदिनी वि. गुप्ते