वेगळ्या तेलात

बर्गरच्या दुकानातल्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढेच एक आई आणि तिची शाळकरी मुलगी उभ्या होत्या. त्यांचं बोलणं बाईंना सगळं ऐकू येत होतं.

"दादा, हिला गव्हाचा कणही चालत नाही. आतडी सुजतात. फ्राईज कशात तळता?"

"वेगळ्या तेलात, ताई. बोर्डावर लिहिलंय ना."

"मागच्या खेपेलाही लिहिलं होतं. चार दिवस सलाईनवर होती पोर."

"आई, हळू बोल. वरच्या मजल्यावर सगळ्या मैत्रिणी आल्यात."

"तुमची मुलगी असती तर दिलं असतं?"

काउंटरवाल्याने मागे तळणीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नसतं दिलं. गर्दी झाली की पावाचा चुरा लावलेलंही सगळं एकाच तेलात पडतं."

"मग बोर्ड कशाला लावता?"

"तो हेड ऑफिसातून येतो, ताई."

"चल बाळा, घरी जाऊ. गरम काहीतरी करून देते."

"मैत्रिणीचा वाढदिवस आहे, आई. मागच्या वर्षीही गेले नव्हते मी."

"मग वर जाऊन घरून आणलेल्या डब्यातलं खा."

"डबा काढला की सगळ्या विचारत बसतात. मी सांगेन, पोट भरलंय. खाणं आलं की बाथरूममध्ये जाऊन बसेन."

"किती वेळ बसशील गं?"

"सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत. शाळेतही तसंच करते मी."