नवसाची दाढी

(बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, बसस्टँडामागच्या एका गल्लीत शंभूराजचा लाकूडकामाचा कारखाना आहे आणि कारखान्याच्या मागच्या दारापलीकडे घर. यशश्री मूळची पुण्याची. बोम्मसंद्र्याच्या एका फॅक्टरीत कामगारांच्या सुरक्षेचं काम बघते. पुस्तकांचं कपाट करायला टाकायला आली तेव्हा तिनं शंभूराजचा खोकला ऐकला, आणि आज रविवारी मास्कांची पिशवी घेऊन हजर झाली. शंभूराजला हे काही पसंत नव्हतं, पण दारी आलेल्या माणसाला परत पाठवायचं कसं, हे त्याला पन्नाशी उलटली तरी जमलेलं नाही.)

शंभूराज: आहेत की माझ्याकडे मास्क. कोरोनातला खोका अजून तसाच आहे. ते राहू दे ताई, आधी स्वल्प कॉफी घ्या.

यशश्री: कॉफी मास्कनंतर. हे तुमचे मास्क ना, बाजूंनी सगळे उघडे आहेत. लाकूड घासताना, मशीनवर कापताना हा असा घट्ट बसणारा एन-पंच्याण्णव हवा. एमडीएफची फळी असेल तर नक्कीच. ती धूळ फार बारीक असते. आणि पॉलिश कोण मारतं इथे?

शंभूराज: आता मीच. आधी अण्णा मारायचे. कृष्णाजी अण्णा, माझे थोरले भाऊ. त्यांचा हात असा होता की टेबलात तोंड दिसायचं.

यशश्री: मग पॉलिशलाही हेच कागदी?

शंभूराज: हेच. त्यावर ओला टॉवेल. ही अण्णांची रीत. ओल्या कपड्यात थिनर अडकतो म्हणायचे.

यशश्री: पण वास येतो ना तरीही?

शंभूराज: येतोच की. वास आला नाही तर पॉलिश कसलं?

यशश्री: अहो, वास येतो म्हणजे वाफ आत जातेय. धूळ म्हणजे कण, ते कागदात अडकतात. वाफ अडकत नाही, टॉवेल ओला असो नाहीतर सुका.

शंभूराज: म्हणजे इतकी वर्षं रोग रेड्याला नि औषध पखालीला.

यशश्री: तसंच काहीसं. वाफेला हा लागतो, रबरी मास्क. दोन गालांवर दोन डबे, त्यांच्यात कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. वरचा पांढरा फिल्टर स्प्रेच्या तुषारांसाठी. आणि ते दोन डब्यांचं पीयू पॉलिश मारता का, हार्डनर घालून?

शंभूराज: गिऱ्हाईक मागतं तेव्हा मारतो.

यशश्री: ते बंद करा, प्लीज. त्याचं विष नाकाला कळायच्या आधीच छातीत पोचलेलं असतं. त्याला वेगळी खोली लागते, बाहेरून नळीनं हवा लागते. ती कामं मोठ्या बूथवाल्यांकडे पाठवा. इथे फक्त साधं लॅकर पॉलिश, तेही दारं उघडी ठेवून आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लावून. आणि छातीची तपासणी करून घ्या. मास्क पुढचं अडवतो, मागचं काढत नाही.

शंभूराज: सरी, ठीक आहे. पीयू बंद. पंखा लावतो. डॉक्टरकडे संयोगिता नेणारच आहे, आमची मंडळी, आज माहेरी गेलीय यशवंतपूरला. झालं?

यशश्री: इतक्या लगेच हो म्हणालात की मला संशय येतोय. हा लावा बघू. पट्टा डोक्यावरून घ्या. आता दोन्ही तळवे डब्यांवर दाबा आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा.

शंभूराज: ओढला.

यशश्री: चिकटला?

शंभूराज: नाही. गालाकडून वारं येतंय.

यशश्री: वाटलंच. दाढीमुळे. केसांतून हवा शिरते, कितीही आवळलं तरी. दाढी काढावी लागेल. मिशी राहू दे, ती रबराच्या आत बसते.

शंभूराज: ते जमायचं नाही.

यशश्री: केसच आहेत हो, परत येतील.

शंभूराज: ताई, पीयू बंद म्हणालात, सरी म्हणालो. पंखा म्हणालात, सरी म्हणालो. दाढीचं बोलू नका. दुसरं काही असेल तर दाखवा.

यशश्री: आहे. म्हणून तर कंपनीतून मागून आणलाय, फक्त ट्रायलला. हा टोप. अख्ख्या डोक्यावरून येतो. कमरेला मोटर बांधायची, ती हवा गाळून वर सोडते. याला दाढी चालते. महाग आहे, पण बघू आपण काहीतरी. वाका थोडं. हां. सुरू करते. जरा घरघर होईल, सवय होते त्याची. येतेय का हवा? शंभूअण्णा, येतेय का? असं ओढू नका, पट्टा तुटेल!

शंभूराज: बंद करा. आधी बंद करा ते.

यशश्री: केलं. बंद केलं. गुदमरलात का? हवा येत नव्हती?

शंभूराज: हवा येत होती. चांगली येत होती.

कौशल्या: भावजी, काय चालू केलं होतं इथे?

शंभूराज: काही नाही, वहिनी. तुम्ही आत जा.

कौशल्या: काही नाही कसं? कणीक मळत होते, हात तसेच घेऊन धावले. ह्यांच्या यंत्राचा आवाज होता तो.

यशश्री: अक्का, सॉरी, मी चालू केलं होतं. मी यशश्री, ते कपाट करायला टाकलंय ना, ती. हे श्वासासाठीच आहे. कुठल्या यंत्रासारखा आवाज आला तुम्हाला?

कौशल्या: ऑक्सिजनच्या, बाळ. आमचे हे, कृष्णाजी, ह्यांच्या खाटेपाशी असायचं. रात्रंदिवस हीच घरघर. थांबली की मी दचकून उठायची. फुफ्फुसं घट्ट झाली म्हणाले डॉक्टर. वाळलेल्या दोडक्यासारखी, असं मला समजलं. ते यंत्र परत दिलं तरी महिनाभर माझ्या कानात चालूच होतं.

शंभूराज: हा टोप घेऊन जा, ताई. चांगला असेल. पण या घरात तो आवाज पुन्हा नको.

यशश्री: समजलं. खरंच समजलं. पण मग हा रबरीच उरतो. आणि तो दाढीवर बसत नाही.

कौशल्या: दाढी काढली तर बसेल?

यशश्री: हो, अक्का. काढली तर बसेल.

कौशल्या: मग नाही बसायचा. ह्यांच्या दहाव्याला काढली नाही भावजींनी, आता काढतील? श्रीरंगपट्टणला कावेरीच्या काठावर न्हावी बसला होता. चुलते बसले, पुतणे बसले. सख्खा भाऊ उठून नदीकडे तोंड करून उभा राहिला. सगळी भावकी माझ्या तोंडाकडे बघत होती.

शंभूराज: वहिनी, बाहेरच्या माणसासमोर हे कशाला?

कौशल्या: आतल्या माणसांसमोर तुम्ही बोलला असतात तर कशाला आलं असतं बाहेर? दीड वर्ष झालं. एका दारातून येता-जाता, एका चुलीवरचं जेवता. मी कधी विचारलं का?

शंभूराज: विचारायचं होतं.

कौशल्या: काय विचारणार? मला ठाऊक आहे. दवाखान्यातून ह्यांना घरी आणायचं मी ठरवलं. डॉक्टर नको म्हणत होते, तुम्ही नको म्हणत होता, मी सही केली. ह्यांना नळ्यांत मरायचं नव्हतं. चौथ्या दिवशी गेले. तो राग तुम्ही गालावर वाढवलात. रोज बघत होते मी.

शंभूराज: अय्यो, वहिनी. तुमच्यावर राग?

कौशल्या: मग कुणावर?

शंभूराज: कुणावरच नाही. राग नाहीच तो. अण्णांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी बनशंकरीच्या देवळात गेलो. लोक लिंबाचे दिवे लावत होते. मला ते काही येत नाही. मी नुसतं हात जोडून बोललो, अण्णा आपल्या पायांनी चालत कारखान्यात येत नाहीत तोवर वस्तरा लावणार नाही.

कौशल्या: नवस बोललात तुम्ही? तुम्ही, जे दसऱ्याला रंध्याला हळदकुंकू वाहायला आळस करता?

शंभूराज: त्या दिवशी बोललो.

कौशल्या: आणि मला सांगितलं नाही.

शंभूराज: नवस सांगू नये म्हणतात. मग अण्णा आले ते ॲम्ब्युलन्समधून. पायांनी आलेच नाहीत.

कौशल्या: नाही आले.

शंभूराज: न्हाव्यापुढे बसलो असतो तर मीच कबूल केल्यासारखं झालं असतं, की आता येणार नाहीत. सगळ्यांनी कबूल केलं. मला नाही जमलं. खुळेपणा आहे, मला कळतं. संयोगितानं दहादा सांगितलं. हात गालापर्यंत जातो नि मागे येतो.

यशश्री: शंभूअण्णा, मी आज जाते. मास्क इथेच ठेवते. तुमचं तुम्ही ठरवा.

कौशल्या: तू बस, बाळ. तू गेलीस की हे पुन्हा रंधा हातात घेतील नि मी चुलीपाशी जाईन. भावजी, इकडे बघा. देवीनं काम केलंच नाही, तर नवस कसला पाळताय? पावली असती तर फेडायचा. ती पावली नाही. मी तिच्याशी खूप भांडलेय, आता ते सोडून दिलं.

शंभूराज: बोललो ते बोललो, वहिनी. मोडवत नाही.

कौशल्या: नवस तुमचा असेल. माणूस माझा होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, मला माहीत आहे ते गेले. मी कुंकू पुसलं तेव्हा तुम्ही खाली बघितलंत. मी म्हणते ते गेले, तर तुम्हीपण म्हणा. मी एकटीनं किती दिवस म्हणू?

शंभूराज: वहिनी...

कौशल्या: म्हणा.

शंभूराज: गेले. अण्णा गेले.

कौशल्या: हां. रडा आता. त्या दिवशी मंडपवाला, डबेवाला, सगळं तुम्हीच बघत होतात, रडायला वेळ कुठे मिळाला. बाळ, ते पाणी दे ग तिकडचं. हळू प्या, खोकला येईल. बघा, आलाच. हा खोकला ऐकून मी भिंतीपलीकडे जागी असते. ह्यांचा असाच सुरू झाला होता. तेव्हा मी काढे देत बसले. पुन्हा एकदा ते सगळं करायला माझ्यात बळ नाही. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते.

शंभूराज: समोर अन्वरचं सलून उघडं आहे?

कौशल्या: रविवारचं बंद असेल का? उघडंच आहे.

शंभूराज: दहाव्याचं राहिलं होतं. आज करतो. मिशीसुद्धा काढतो.

यशश्री: मिशी नाही काढली तरी चालते, मी म्हटलं ना मघाशी.

शंभूराज: मास्कला चालते, ताई. थोरला भाऊ गेल्यावर चालत नाही. आलोच.

यशश्री: अक्का, मी उगाच मध्ये पडले का? मी नुसते मास्क दाखवायला आले होते.

कौशल्या: कुणीतरी पडायलाच हवं होतं. घरच्याला घरच्याशी बोलता येत नाही कधीकधी. मला वाटायचं त्यांना मी डोळ्यांपुढे नको आहे. यशवंतपूरला एक खोलीसुद्धा बघून ठेवली होती मी. संयोगिताला म्हटलं होतं, श्रावणानंतर जाते.

यशश्री: आणि आता?

कौशल्या: आता काय, कणीक मळून ठेवलीय. हा मास्क धुवायचा कसा?

यशश्री: डबे काढायचे, ते धुवायचे नाहीत. नुसतं रबर साबणाच्या पाण्यानं. काम झालं की डबे या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा. उघडे राहिले तर कोळसा नुसत्या हवेनंच संपतो. डब्यावर तारीख लिहून ठेवायची, मी सांगेन कधी बदलायचे. मधेच वास यायला लागला तर लगेच काम थांबवायचं.

कौशल्या: ते माझ्याकडे राहू दे. भावजी कुठेतरी भुशात टाकून देतील. ह्यांच्या नळ्या मीच पुसायची, मला सवय आहे.

शंभूराज: आलो.

कौशल्या: अगं बाई. किती वाळलात, भावजी. दाढीत लपलं होतं सगळं. या, इथे बसा.

यशश्री: लावा परत. पट्टा घ्या. तळवे दाबा. ओढा श्वास.

शंभूराज: चिकटला.

यशश्री: वारं येतंय कुठून?

शंभूराज: नाही.

यशश्री: आता हा लॅकरचा डबा उघडते. वास आला तर हात वर करा. येतोय?

शंभूराज: नाही.

यशश्री: अजून जवळ आणते. आता?

शंभूराज: काहीच येत नाही.

यशश्री: व्वा. मग बसला. अक्का, अगदी बरोबर बसला.

कौशल्या: बसला ना? मग डोळे का पुसताय, भावजी? डोळ्यांना झोंबतंय का?

शंभूराज: नाही. सकाळी कारखान्याचं दार उघडलं की हा वास यायचा. वाटायचं, अण्णा माझ्या आधी आलेत, आत काम करतायत. आता काहीच येत नाही, वहिनी.

कौशल्या: मला येतोय. तुम्ही मास्क काढू नका.