जाळ्याचं छप्पर

— समुद्र? नाई हो भाऊ, भिंतीवरच्या फोटोतल्या त्या छपराचा अन् समुद्राचा काई संबंध नाई! तुमी मार्कंड्याहून माह्या पोरीले पाहाले आले, तर ऐकूनच घ्या आता. रत्नागिरीकडं, पार समुद्राच्या काठावर इमारत होती ते — आमी बापलेक सहा महिने होतो तिथी, मी सेंट्रिंगवर, स्लॅबच्या फळ्या ठोकाले, दामिनी रेती-गिट्टीवर. इमारतीचा नकाशा काढनारा साहेब रोज लाटांकडं बोट दाखवे, म्हणे छप्पर असं पायजे. आता होईन कसं? फळ्या सरळ, लाट वाकडी — तीनदा ठोकलं, तीनदा उकललं. छप्पर कसं दिसे, तर उपाशी बैलाच्या पाठीवानी! मंग मी म्हटलं, साहेब, जाळं आना. आमी तलावावर मासे धरनारी ढिवर मानसं, आमाले दुसरं काय येते? चार बांबू रोवले, जाळ्याचे चार कोपरे बांधले, दिलं ढिल्लं सोडून — मधात आपोआप झोल पडते का नाई? पडते. तोच झोल उलटा करा, झालं छप्पर! साहेब पाह्यतच राह्यला. मंग दामिनीनं हात-हात अंतरावर सुतळीनं झोल मोजला अन् —

काऊन हासले? बरं बापा, जाळं तिनंच टांगलं. मी तर म्हणत होतो, पोरी, सोड, साहेब रागवंल. आता तिथी मोठ्ठा फलक लागला, 'समुद्राच्या लाटांवरून सुचलेली वास्तू' — लाटा कायच्या! आमच्या सावली गावच्या तलावावरचं जाळं आहे ते, माह्या पोरीच्या हातचं.

मंग साहेबानं तिले बोलावलं नाई का म्हणता? बोलावलं ना, फोन आला. नकाशे काढाले शिकवतो म्हणे, राहाची सोय बाईमानसांत. मी म्हटलं, नाई, आमची सोयरीक ठरून राह्यली. अन् तिले सांगितलं, फोनच आला नाई. दोन महिने झाले, भाऊ — ते रोज इचारते, मी रोज खोटं बोलतो. लाज वाटते मले, खरंच. हे काऊन सांगून राह्यलो मी तुमाले?

नाई, तुमचा अमर सोन्यासारखा पोरगा आहे, त्याच्यात काई नाई. पन... दामिनी! तो चहा ठेव खाली, इकडं ये. माह्या फोनात साहेबाचा नंबर आहे, काढ. हो, आला होता. मीच लपवलं. मंग रडजो, आधी लाव.

तुमी चहा घ्या, भाऊ, अन् निघा. चारची बस हुकली तर मंग सकाळीच आहे.