वालात शिरलेला बॉल

अरे, त्या युनिव्हर्सिटीच्या पोरांचं सांगतो. त्यांचा फुटबॉलचा क्लब बदलापूरला सरावाला आलेला. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला, सिंध्यांच्या कॅम्पात मॅच. भात कापलेल्या शेतात खेळायचे आणि गोलच्या मागंच माझा वाल फुलावर आलेला. गोलकीपरला बॉल काय अडत नाय, सारखा माझ्या वालात. मी बॉल उचलून गोठ्यात टाकला. वालात शिरलेलं ढोर मी कोंडतोच. तर गोलकीपर खिळ्यांचे बूट घालून वाल तुडवतच आला.

“काका, बॉल द्या!”

माझं डोकं फिरलं. त्यालाबी गोठ्यात कोंडला.

संध्याकाळी कप्तान हात जोडून आला. “काका, एकच बॉल आहे हो. उद्या मॅच. तेवढा सोडा.”

मी म्हटलं, “आणि हा पोरगा?”

“त्याला राहू द्या की मॅच होईपर्यंत.”