अकोल्यात कोणी नाही

हॅलो?… हो, मीच. माहा फोन दुसरं कोन उचलीन?

जाईबाईनं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला. भाची आकांक्षा, अमरावतीहून. परातीतल्या तुरीच्या शेंगा सोलणं काही थांबलं नाही.

बोल ना वं… कोनासाठी? मैत्रिणीसाठी?… बरं. मैत्रिणीले अकोल्यात एका रातीसाठी हाटेल पायजे. शांत पायजे, सस्तंबी पायजे… अन् तिची मुलाखत कृषी विद्यापीठातच हाय? सोमवारीच? दहा वाजताच?… बाप्पा!

हसू दाबताना एक दाणा बोटांतून निसटला आणि टीव्हीखाली गेला.

नाही वं, खोकला होय तो… अगं ऐक ना. स्टेशनजवळचं नोको सांगू तिले, गाड्याच गाड्या. बसस्टँडपाशी पहाटेपासून 'शेगाव, शेगाव' चालू. अन् एक हाय, त्याच्या खाली मंगल कार्यालय. बँडच्या तालावर उत्तरं पाठ होत असतीन तर सांग… काय? उशी लागत नाही तिले? अन् थंडीतबी पंखा लागते?… वा. अशी पोरगी मी एकच पाह्यली. तिचा पाळणा मीच हालवला.

जाईबाईनं निवांत तीन शेंगा सोलल्या.

आकांक्षा, काल तू कोन्या हाटेलात फोन लावला होता का?… नाही? मंग आडनाव सांगून 'मागच्या बाजूची खोली हाय का' हे कोनं ईचारलं?… अवं, काउंटरवर परवेज बसते. आमच्या आमिनाबीचा लेक. तिची-माही भिंत एक! तो काय खोली देते उगाच? कोनाची पोरगी, गाव कोनतं, अकोल्यात कोन हाय, सारं ईचारते… हो. तू काय सांगतलं त्याले?… आयकू नाही आलं. मोठ्यानं.

सोलणारा हात थांबला.

'अकोल्यात आमचं कोनी नाही'… हो, तसंच सांगतलं त्यानं. आमिनाबीच्या ओट्यावर. चार बाया बसल्या होत्या.

तिनं रिकामी शेंग उगाच पुन्हा उघडून पाहिली.

… आता रडू नोको. हे पाह्य, मले मालूम नाही का? मागच्या साली तू आमच्या घरी झोपली. आमच्या बुढ्यानं तुले एक वाजेपर्यंत बोंडअळी समजावून सांगतली. चार वाजता मी शिरा घेऊन उठवलं. अन् सायबानं पयला सवाल ईचारला तं तू जांभई देल्ली. नोकरी त्या जांभईत गेली, ते मी इसरलो का? अन् यंदा हुकलं तं पुढच्या साली वय सरते, हेबी मालूम हाय.

… म्हनून तं खोली ठरवली मी… हो, मीच! सकाळीच पाहून आलो. दुसरा माळा, मागची बाजू, खिडकीत निंबाचं झाड. पलंग दोन, एकावर दहा मिनिटं पडून पाह्यलं. परवेजले वाटलं, काकूले चक्कर आली… भाव? आमिनाबीनं लेकाचा कान धरला, भाव आपोआप उतरला.

फक्त एक. रजिस्टरात लिवाले लागते, गावात ओळखीचं कोन. तिथं जागा कोरी सोडू नोको… हो, माहं नाव. पुढं लिव, आत्या. परवेजले दुरून वाचता आलं पायजे.

… काय? मी?… दोन पलंग असले म्हनून मी कायले येऊ? अकोल्यात घर माहं, अन् तू मले पाहुनी बोलावून राहिली? लोक काय म्हनतीन?

आतल्या खोलीत तिच्या नवऱ्याची, नत्थुजींची, दुपारची झोप रंगात आली होती. त्यांच्या घोरण्यानं दाराची कडी हलत होती. जाईबाईनं कडीकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

… खरंच शांत हाय पन ती खोली… नाही, चार वाजता नाही उठवत. सप्पत… शिरा नाही, फक्त सोलेभात. हे सोले तुह्याचसाठी काढून राहिलो… बरं, बरं. ठेव आता. अभ्यास कर.

… अन् ऐक! तुले उशी लागत नाही ना? तुह्या वाटची मले देजो.

आणि पलीकडून 'हो' यायच्या आत तिनं फोन ठेवून दिला.