फोर्स न्हाई बरं का

...आणि वर म्हणतात, फोर्स न्हाई बरं का. म्हणजे बघा, सकाळी सात वाजता माझ्या दारात अकरा माणसं, एक क्रूझर, इंजिन चालू, माझी चप्पल साळूआत्यानं आधीच उचलून गाडीत नेऊन ठेवलेली, आणि सहादेवतात्या, माझे सख्खे चुलते, गावचे माजी सरपंच, आमच्याच ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत मला म्हणतात, "ज्ञानू, फोर्स न्हाई बरं का. तुझ्या मनात आसंल तरच चल." अहो, माझी चप्पल गाडीत आहे, मनात काय असायचंय?

तुम्हाला सांगते, मी ज्ञानेश्वरी, वय तेवीस, बी.एस्सी. फिजिक्स, शेवगावपासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव, आणि माझा गुन्हा एवढाच की ग्रामपंचायतीला वॉर्ड नंबर दोनमधून, बायकांच्या जागेसाठी, मी अर्ज भरला. कशासाठी? एका खोलीसाठी. आमच्या गावात वाचनालयाची खोली आहे, वर पाटी आहे, उद्घाटनाचा फोटोसुद्धा आहे, आणि आत सात वर्षं तात्यांचा कडबा आहे. मुलींनी अभ्यास कुठं करायचा? घरात टीव्ही, आजोबा आणि मिक्सर एकाच खोलीत. म्हटलं, निवडून यायचं, कडबा बाहेर काढायचा, मुली आत बसवायच्या. एवढं साधं.

पण गावानं ठरवलं, यंदा बिनविरोध. बिनविरोध झालं की गावाला सभामंडप मिळणार असं कुणीतरी कुणालातरी फोनवर बोललं होतं म्हणे. आठ जागा बिनविरोध झाल्यासुद्धा. राहिली एक, माझी, कारण समोर चांगुणाकाकी. काकी म्हणजे साठीच्या, रोज सकाळी डेअरीवर सगळ्यांच्या आधी किटली घेऊन उभ्या, आणि बोलणं असं की शब्दाला जणू राशनकार्ड लागतं. आमच्या दोघींतली एक कमी झाली की गाव सुटलं. आणि अर्ज मागे घ्यायची मुदत त्याच दिवशी दुपारी तीनला संपणार. आलं ना लक्षात, इंजिन का चालू होतं?

मी म्हटलं, तात्या, मी नाही काढणार अर्ज. तर तात्या म्हणाले, "नको काढू. आमी कुठं फोर्स करतोय? विनंती करतोय." अकरा जणांची विनंती. पाठोपाठ साळूआत्या पदर डोळ्याला लावून, "ज्ञानू, माझं मेलेलं तोंड बघशील." ही शपथ. मग भजनी मंडळाचे आदिनाथबुवा, "गावाचा मान हाय, पोरी." हा म्हणे आग्रह. आग्रह, गळ, भीड, हट्ट, दडपण, सक्ती... एवढ्याशा इंग्रजी शब्दाला आपल्याकडं एवढी लेकरं, आणि त्यातलं एकसुद्धा त्या दिवशी घरी बसलं नव्हतं. डिक्शनरीत बघितलं तर त्याच शब्दाचा अर्थ सैन्य, त्याचाच अर्थ कायद्याचा अंमल. म्हणजे दारातही तोच आणि आचारसंहितेतही तोच. मी फिजिक्सची, माझ्यासाठी फोर्स म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. तात्यांचं वस्तुमान एकशे आठ किलो. त्वरण अजून यायचं होतं.

दहा वाजले तरी मी पायरीवर बसून. तेवढ्यात सुनीलभाऊ आले, चांगुणाकाकींचे दीर, टेम्पोवाले. त्यांनी मला बघितलं, तात्यांना बघितलं, आणि मान हलवली. "तात्या, ही पोरगी काय हलत न्हाई," म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, जिंकले.

मग तात्यांनी बशी खाली ठेवली. हळूच वडिलांकडं वळून म्हणाले, "रामभाऊ, विहिरीवरची मोटर लई आवाज करती. दुरुस्तीला न्यावी म्हणतो. महिनाभर तरी लागंल." आता विहीर दोघांच्यात, मोटर तात्यांची, आणि आमचा कांदा नुकता लागलेला. "फोर्स न्हाई बरं का," तात्या म्हणाले, "मोटरचं सांगतोय."

आणि वडील? म्हणजे ओरडले असते, तर मी भांडले असते हो, मला भांडता येतं, कॉलेजात दोन वर्षं मी तेच केलं. ते नुसतं वावराकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुझं तू बघ, बाळा." बस. विनंती, शपथ, आग्रह, सगळं परतवलं मी. या चार शब्दांना मात्र काय उत्तर द्यायचं, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. तशीच बसले, सव्वादोनला उठले. अनवाणीच गाडीपर्यंत गेले, चप्पल गाडीतच होती ना. आणि गाडीच्या तोंडावर, तुमची शपथ, मोठ्या पोलादी अक्षरांत कंपनीचं नाव काय लिहिलेलं? तेच. तोच शब्द. गाडीसुद्धा खरं बोलत होती, फक्त माणसंच नव्हती.

आत बसल्या बसल्या तात्यांनी सगळ्यांचे मोबाईल गोळा केले, बंद केले, पिशवीत घातले. आमच्याकडं ही रीतच आहे, माघारीच्या दिवशी मोबाईल बंद. का? तर समोरची पार्टी फोन करून माणूस फोडते. आणि मग आलं त्वरण, ऐंशीच्या स्पीडनं.

तहसीलमधल्या साहेबांनी नियमाप्रमाणं विचारलं, "ताई, स्वखुशीनं काढताय ना? कुणाचा दबाव नाही ना?" माझ्या उजव्या खांद्यावर तात्यांचा हात, डाव्या खांद्यावर आत्याचा. मी म्हटलं, नाही. सही केली. दोन वाजून पन्नास मिनिटं. कॉलेजात संविधान दिनाला भाषण करणारी मी, आणि सहीखाली लिहिलं, स्वखुशीने.

बाहेर आले तर बाकावर चांगुणाकाकी, नुकत्याच बाजारातून येऊन टेकलेल्या. शेजारी सुनीलभाऊ, पेढ्यांचा बॉक्स उघडून तयार. मी म्हटलं, काकी, तुम्ही इथं?

"अर्ज काढला," काकी म्हणाल्या.

तात्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "काढला? कवा?"

"दोनला," सुनीलभाऊ म्हणाले. "तुमची पोरगी हलंना, मग म्हटलं गावासाठी आपणच मोठं व्हावं. तुमाला किती फोन लावणार हुतो, पर आमी पन मोबाईल बंदच ठिवले हुते."

तीन वाजले. वॉर्ड नंबर दोनमध्ये बिनविरोध कोण? कुणीच नाही. तात्या आत धावले, साहेबांना हात जोडले; साहेब म्हणाले, नियमात विचारायचं तेवढं मी विचारलं, आणि काढलेला अर्ज काही परत होत नाही. बाहेर अकरा माणसं आणि टेम्पोतली सात एकमेकांना विचारतायत, तू का नाही थांबलास.

मी काकींशेजारी बसले. म्हटलं, तुम्हाला पण फोर्स केला ना? तर त्या म्हणाल्या, "मला? कोन करतंय? मी माझ्या मनानं काढला. माझी नात गोठ्यात बल्बखाली बसून अभ्यास करती. सुनीलभावजी म्हनले, ती पोरगी काय हलत न्हाई. म्हटलं, खमकी हाय, तिलाच येऊ दे, खोली उघडंल." आणि मग माझ्याकडं बघितलं. "तू का काढला गं?"

काय सांगू? मोटर सांगू, कांदा सांगू? आम्ही दोघींनी लिहिलं तेच होतं, स्वखुशीने. त्यांचं खरं होतं.

आता त्या जागेची पोटनिवडणूक लागलीय. तात्या परत सकाळी सातला ओट्यावर. "ज्ञानू, जागा रिकामी ऱ्हायली, तालुक्यात शोभा झाली. आता तूच भर. फोर्स न्हाई बरं का." मी नाही म्हटलं. चार दिवस सगळ्यांना नाही म्हटलं. एकदा हललेल्या माणसानं कुठल्या तोंडानं उभं राहायचं, असं वाटतं की नाही?

पाचव्या दिवशी चांगुणाकाकी आल्या. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कोरा अर्ज आणि पेन.

"सही कर."

"काकी, त्या दिवशी मी..."

"ठावं हाय. मोटर. सही कर."

"काकी, तुम्ही फोर्स करताय का मला?"

"व्हय," काकी म्हणाल्या.

तुम्हाला सांगते, एवढ्या सगळ्यात हे पहिलं खरं बोलणं. केली सही. अर्ज भरला. पण माझ्या नाहीनाहीच्या चार दिवसांत तात्यांनी साळूआत्याचाही अर्ज भरून ठेवलाय. माघारीची मुदत सोमवारी दुपारी तीनला संपतेय, आणि तात्यांना परत सभामंडप आठवलाय, क्रूझर परत धुऊन ठेवलीय. म्हणून काकींनी जाताना माझी चप्पलच उचलून नेली, परत कुणी गाडीत नेऊन ठेवायला नको. "सोमवारी तीनला देते," म्हणाल्या.

तर मंडळी, ही अशी अनवाणी उभी आहे मी तुमच्यासमोर. मनात असो, नसो.